गुरुवारची मेणबत्ती

गुरुवारी वीज जाणार, हे वारज्यात सगळे धरूनच चालतात. उल्काने बिनखिडकीच्या बाथरूममध्ये उपड्या वाटीवर मेणबत्ती लावली आणि लंगोट धुवायला बसली. बाहेरच्या खोलीत आठ महिन्यांची रेवा मच्छरदाणीत झोपली होती. अंगात ताप होता.

तेवढ्यात औषधवाल्याचा खालून, गेटवरून फोन आला. ती दाराला कुलूप लावून तशीच खाली धावली.

"आता चढा आठ मजले," वॉचमन श्यामकाका म्हणाले. "आज लिफ्टलाही उपवास आहे."

ती हसली आणि हसता हसताच थांबली. मेणबत्ती जळतीच राहिली होती, आणि तिच्या अगदी वर दोरीवर टॉवेल.

आठ मजले ती कशी चढली, तिचं तिलाच कळलं नाही. कुलूप जसंच्या तसं होतं. घरात जळका वास नव्हता. टॉवेल कोरडा, धड होता. मेणबत्ती मात्र विझली होती, आणि वातीतून अजून बारीक धूर निघत होता.

वात चपटी झाली होती. चिमटीत धरून विझवल्यासारखी.

त्यांच्या घरात दिवा तसाच शांत करायचा. सासूबाईंची शिस्त होती, "फुंकर नको गं, ज्योत उष्टी होते." रोज संध्याकाळी उल्का रेवाला मांडीवर घेऊन तेच दाखवायची.

ती बाहेरच्या खोलीत आली. मच्छरदाणीची चेन बाहेरून लावलेली होती. रेवा गाढ झोपेत होती, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

उल्काने ती मूठ हळूच उघडली. अंगठ्यावर आणि तर्जनीवर पांढरं मेण होतं, अजून मऊ.