चव्वेचाळीस किलो

आमचं विमान चार माणसांचं. बर्फाचे डोंगर दाखवायला नेण्याआधी मी प्रत्येकाला अंगावरच्या कपड्यांसकट काट्यावर उभं करतो आणि आकडा बघून कोण कुठे बसेल ते ठरवतो. त्या दिवशी एक म्हातारे शिंपी बायकोला घेऊन आले होते. तिच्या अंगात त्यांनी स्वतः शिवलेला नवा, पायघोळ कोट होता.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

"बघ," ते तिला म्हणाले, "मागच्या महिन्यात दवाखान्यात एक्केचाळीस भरली होतीस. औषध लागू पडतंय की नाही?"

"पडतंय हो," ती म्हणाली.

ते पलीकडच्या दाराने चढायला गेले. मी तिला हात देऊन वर घेत होतो, तेवढ्यात कोटाची कड पायरीच्या पत्र्यावर आपटून खणकन वाजली. मी थबकलो.

"शिशाच्या गोळ्या आहेत," ती हळूच म्हणाली. "पडदे सरळ पडावेत म्हणून हे दुमडीत घालतात ना, त्याच. तुम्ही काही बोलू नका. मला कळलंय हे त्यांना माहीत नाही."

मी कागदावर चव्वेचाळीसच लिहिलं. विमानाला तेवढंच उचलायचं होतं.

अर्धा तास ते तिला एकेक शिखर दाखवत राहिले. उतरल्यावर तिचा हात धरून म्हणाले, "पुढच्या थंडीत परत येऊ. तोवर पन्नास होशील."

"येऊ की," ती म्हणाली. "कोट तेवढा सैल करून ठेवा."