सरांची शिट्टी

घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून तिने गाडग्याचं लाल फडकं सोडलं, तेवढ्यात शिट्टी वाजली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धावत आली.

“आजी, नदीत काही टाकायचं नाही.”

“अस्थी आहेत गं. आमच्या ह्यांची राख.”

“राखसुद्धा नाही. सर दर रविवारी आमच्या सोसायटीतल्या मुलांना शिकवतात. दोन रविवार आले नाहीत, पण शिट्टी माझ्याकडे आहे. आल्यावर विचारतील, कुणी काही टाकलं का.”

शिट्टीला बुटाची तपकिरी नाडी होती. नवऱ्याला ती तिनेच ओवून दिली होती.

तिने फडक्याची गाठ पुन्हा घट्ट मारली.

“मीच सांगते त्यांना,” ती म्हणाली, “कुणी काही टाकलं नाही म्हणून.”

गाडगं पोटाशी धरून ती एकटीच पायऱ्या चढली.