कोरड्या रेतीचा डबा

लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्याची बॅटरी फुगली, तशी शिवराजनं ती कोरड्या रेतीच्या डब्यात पुरून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवली. "गरम झाली नायतर दाबली गेली तर भडका उडंल. सोमवारी ई-कचऱ्यावाल्यांकडं देऊन येतो," असं त्यानं बायकोला, सुरेखाला, बजावलं. कालच गावाकडून आलेल्या आईला सांगायचं मात्र दोघंही विसरले.

दुपारी पहिली पाळी संपवून सुरेखा चितेगावच्या कंपनीतून घरी आली, तर घरभर फुटाण्यांचा खमंग वास. गॅसवर कढई, अन् कढईत तीच रेती, अजून धग मारणारी. ती दोन पावलं मागं सरली.

"आत्याबाई, ह्या रेतीत काही होतं का हो?" तिनं सासूला विचारलं.

"व्हय, शिवाच्या कॅमेऱ्याची बॅटरी निघाली. ती काय भाजीन व्हय मी? इतकी येडी नाय बाई."

सुरेखानं रोखून धरलेला श्वास सोडला.


"सिल्लोडच्या लग्नाला पोरगं बॅटरी विसरूनच निघालं व्हतं. आत्ता एस्टीला पळाला, तवा मीच त्याच्या बॅगेत ठेवली, दस्तीत गुंडाळून, गरम फुटाण्यांच्या पुड्याखाली चांगली दाबून."