काठीला पाणी

पडद्यावरची रेघ पुन्हा त्याच जागी मोडली. हिराने कपाळाला हात लावला.

यंदा धरणाचे सगळे दरवाजे दुपारी एकदम उघडायचे होते. नदीत पाणी कसं चढत जाईल, याचं गणित ती धरणाच्या ऑफिसात कंप्युटरवर सोडवत होती. निरगुडसरच्या धनगराची ही लेक गणितात एम.एस्सी. झालेली; पण हे समीकरण मोठं हट्टी, सरळ सूत्रात बसायला तयार नाही. मग नदीचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यातलं पाणी पुढच्यात सोडत जायचं. रेघ हळूहळू चढायला हवी होती. मध्येच उभी पायरी येत होती.

"प्रोग्रामची खोड आहे ती," साहेब म्हणाले. "जरा गुळगुळीत करून दे. रिपोर्ट जाऊ दे."

"आकड्याला मी हात लावणार नाही, सर."

तिने तुकडे आणखी बारीक केले. प्रोग्रामची खोड असती तर पायरी बदलली असती, विरली असती. ती जागची हलली नाही, उलट अधिकच ताठ झाली. म्हणजे प्रोग्राम बरोबरच होता. पाणी चढत येणार नव्हतं, भिंतीसारखं उभं येणार होतं. आणि गावाखाली नदीतल्या वाळूवर तिच्या आबांची मेंढरं बसली होती.

धरण काठोकाठ भरलेलं. दरवाजे थांबवणं साहेबांच्याही हातात नव्हतं. गावातला फोन काही लागेना. शेवटी तिने ऑफिसच्या जीपवाल्या भिकाला उठवलं आणि थेट नदीतली वाळू गाठली.

"आबा, मेंढरं वर काढा! धरणाचं पाणी सुटलंय!"

"दरसाल सुटतं," तिचा बाप जानकू म्हणाला. पाण्यापासून जरा वर, वाळूत रोवलेली काठी त्याने दाखवली. "पाणी काठीला टेकलं की हलायचं. माझ्या बापानं बी ह्येच केलं. लई टाइम मिळतो, पोरी. आन् ही मेंढी आत्ताच व्यालीय, तिला कुठं हाकू?"

हिराने समजावलं, पाया पडली, रडली. पण पालथ्या घड्यावर पाणी! जानकू पाठ फिरवून ओलं कोकरू पुसू लागला.

हिराने काठी उपटली आणि पाण्यात रोवली.

"आबा! काठीला पाणी आलं!"

जानकूने मान वळवून एकदाच पाहिलं. कोकरू काखेत मारलं आणि जीव तोडून मेंढरांना हाळी दिली. शेवटची मेंढी दरडीवर चढते न चढते तोच वळणामागून गडगडाट झाला. पाणी उभंच्या उभं आलं. वाळू, काठी, सगळं गडप.

जानकूने काखेतलं कोकरू मेंढीपाशी सोडलं. मग त्याने लेकीकडे पाहिलं.

"बघितलंस? काठी कधी खोटं बोलत न्हाई."

"न्हाई, आबा," हिरा म्हणाली आणि ओल्या वाळूने भरलेले हात तिने ओढणीआड लपवले.