बिनसाबणाचं बोट

पुनमनं ताटातल्या पाण्यावर मिरेपूड भुरभुरली. साबणाचं बोट टेकवताच पूड काठाला पळाली.

हळद निवडायला आलेल्या केशरबाईनं पाणी मागितलं. पुनमच्या आईनं, द्वारकाबाईनं, तांब्या लागू न देता वरून तिच्या ओंजळीत धार धरली.

पुनमनं पाणी बदललं, पुन्हा पूड टाकली. "काकू, आता तुमी बिनसाबणाचं बोट घाला."

केशरबाईनं बोट बुडवलं. पूड जागची हलली नाही.

मग द्वारकाबाईनं बुडवलं. पूड पळाली.

"आई, साबण लावला व्हता का?"

"न्हाई गं."

तिनं राखेनं हात घासून पुन्हा बोट नेलं. आता पाणीच सरकलं. बोटाखाली ताट कोरडं पडलं.

मान खाली घालून ती उठली. पाणी प्यायला काठोकाठ भरलेल्या रांजणात तिनं तांब्या बुडवला. तो कोरड्या तळाला जाऊन वाजला.

मागून केशरबाई हळूच म्हणाली, "ओंजळ धरा, बाई."