बारवीचा आकडा

शहर हवेत किती कार्बन सोडतं ते मोजणारं मशीन ठीक आहे का, हे बघायला आम्ही त्यावर फुंकर मारतो. माणसाच्या श्वासाने चारशेचा आकडा लगेच दोन हजारांवर उडतो.

अंबरनाथच्या एका शाळेच्या गच्चीवर, भर दुपारी, मी फुंकर मारली. ४३१. जोरात मारली. तरी ४३१च.

तेवढ्यात अक्षयचा फोन. तो बारवी धरणाकाठचं मशीन तपासायला गेला होता.

"शलाका मॅडम, इथला आकडा आत्ता दोनदा उडाला. मी तर दहा फूट लांब उभाय."

"बाजूला कोण आहे?"

"कुत्रंसुद्धा नाही."

दोन्ही मशीनचे आकडे उलटसुलट जोडले गेले असणार. "बरं, तू फुंकर मार."

"मारली. इथेच वाढला."

माझ्या मशीनचा आकडा हलला नव्हता. डोकंच चालेना.

"आता लांब हो," म्हटलं आणि मी परत फुंकर मारली.

"उडाला," अक्षय हळूच म्हणाला.

मी मशीनपासून मागे सरले. नाक-तोंड गच्च दाबून धरलं. फोन कानाशी.

"मॅडम, आता सावकाश वर-खाली होतोय. झोपेत असल्यासारखा. तुम्ही नुसता श्वास घेताय ना?"

माझा हात अजून तोंडावरच होता.