टाचे न मारलेली जागा

हॉब गवंडी सकाळपासून चर्चच्या भिंतीला टाचे मारत होता. गुळगुळीत भिंत चुना धरत नाही, म्हणून हातोडीच्या टोकाने तिला आधी खळगे पाडावे लागतात. भिंतींवरची सगळी चित्रं बुजवा, असा राजाचा हुकूम होता आणि सोमवारी त्याचा माणूस पाहणीला यायचा होता. दुपारपर्यंत हॉबने सैतान, त्याची कढई आणि कढईतली मापात मारणारी दारूवाली निकालात काढली. त्यांचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

मग सिसली आली. जवाची भाकरी आणि चीजचा तुकडा तिने फळीवर ठेवला. चित्रात स्वर्गाची शिडी चढणाऱ्या पुण्यवान माणसांपाशी जाऊन ती उभी राहिली. रांगेतली तिसरी मुलगी म्हणजे तिची लेक ॲव्हिस. चित्रकाराला रोज पाणी आणून द्यायची, म्हणून त्याने तिचाच चेहरा तिथे काढला. त्याच हिवाळ्यात ती तापाने गेली. तिचं दुसरं चित्र नव्हतं. गरिबाच्या घरी असणार तरी कुठून?

राजापुढे कुणाचं काय चालतं, हे सिसलीला ठाऊक होतं.

"चुना लाव बाबा," ती म्हणाली. "तेवढी हातोडी नको मारूस तिला."

हॉबने एकदा दाराकडे पाहिलं. मग पहिल्या मुलीला टाचे मारले, दुसरीला मारले आणि आपली शिडी सरकवून थेट चौथीकडे गेला. चुना कालवून झाल्यावर त्याने कुंचला सिसलीच्या हातात दिला. झोपलेल्या पोरीवर पांघरूण घालावं तसा तिने पायांकडून वर चुना लावत नेला. चेहऱ्यापाशी जरा थांबली, मग तोही झाकला.

तिने हॉबचा चुन्याने माखलेला हात कपाळाला लावला. देव तुझ्या लेकराबाळांना सुखात ठेवो, असं काहीबाही बोलत राहिली. हॉब पार अवघडून गेला.

"आभार कसले मानता, मावशी," तो म्हणाला. "टाचे नाहीत तिथे चुना टिकायचा नाही. पाच-सहा वर्षांत पोपडा धरून गळून पडेल. मग गाव मला नावं ठेवील."

सिसलीने ओल्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"पाच-सहा ना?" ती म्हणाली. "तेवढी जगते मी."